सुईची भीती

सतीश,

सुनंदाचा काल रात्री फोन आला. रडत होती. एमआरआयचा रिपोर्ट येऊन महिना होत आला आणि तू तो कपाटात कपड्यांखाली सारून ठेवला आहेस. तिने फोटो काढून पाठवला, मी चष्मा लावून दोनदा वाचला. रक्तातलं पीएसए ८.४. प्रोस्टेटच्या डाव्या बाजूला, कडेच्या भागात १२ मिलिमीटरची जागा, पाय-रॅड्स ४. आणि तू म्हणतोस, बायोप्सी नको, सुई लागली की कॅन्सर अंगभर पसरतो, पाटलांचं तसंच झालं!

सतीश, पाटलांचं दुखणं सुईच्या आधीच मणक्यात उतरलं होतं. म्हणून तर ते डॉक्टरकडे गेले. प्रोस्टेटच्या बायोप्सीत सुईने रोग पसरणं इतकं विरळ आहे की त्या धास्तीने घरी बसून राहणं हाच खरा धोका. इतका शिकलेला तू, आणि पारावरच्या गप्पांवर विश्वास ठेवतोस?

नीट ऐक. दाट पेशी जमलेल्या जागी पाण्याचे कण मोकळे फिरू शकत नाहीत. एमआरआय तेच टिपतो आणि ती जागा नकाशावर काळी उमटते. पाय-रॅड्स १ ते ५ असतो. ४ म्हणजे दाट संशय, पण संशयच. अशा काही गाठी साध्या सुजेच्याही निघतात. खरं काय ते पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच ठरतं, आणि तिथवर जायची वाट सुईचीच आहे.

मी नोकरीत होते तेव्हा सोनोग्राफी लावून दहा-बारा सुया अंदाजाने मारत. गाठ चुकायची. आता आधी एमआरआय करून नेमकी तीच जागा धरतात. २०१८ साली ५०० पुरुषांवरचा एक अभ्यास छापून आला. जुन्या रीतीने शंभरात २६ जणांत उपचार करण्याजोगा कॅन्सर सापडला, एमआरआयच्या वाटेने ३८ जणांत. शिवाय स्कॅन साफ निघालेल्यांना सुई लावावीच लागली नाही. तुझा साफ नाही, बाळा. म्हणून मी मागे लागले आहे.

‘त्यापेक्षा थेट पीएसएमए पेट स्कॅन करून टाकतो’ असंही म्हणालास म्हणे. गॅलियमचं इंजेक्शन देऊन करतात तो. मुख्यतः निदान झाल्यावर, रोग गाठीपाशीच आहे की हाडांत, लसिका ग्रंथींत गेला आहे, हे बघायला. बायोप्सीला तो पर्याय नव्हे.

अण्णांची कंबरदुखी तुला आठवत नसेल, तू लहान होतास. वर्षभर बाम, शेक, मालिश चाललं. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सुट्टीत आले की बघायचे, रात्री चार-चारदा उठतात, मोरीत उभे राहतात, धार लागत नाही. मनात पाल चुकचुकायची. पण वडिलांना लघवीचं विचारायचं कसं? घरात कोणी तो शब्दच काढत नसे. पुढे हाडांचा स्कॅन झाला तेव्हा मणका, माकडहाड, बरगड्या, सगळीकडे काळे ठिपके. ती फिल्म मी खिडकीसमोर धरून पाहिली आहे. म्हणून आज आत्या असून तुला हे असं उघड लिहिते आहे. आपल्या घरात लाजेपायी एक माणूस गेला, तेवढं पुरे.

रागावले, मनावर घेऊ नकोस. तुझ्या पोटात गोळा आला असणार, कळतं मला. पण हेही ऐक. विलायतेत, रोग ग्रंथीतच असलेल्या सोळाशेहून अधिक पुरुषांना पंधरा वर्षं पाहिलं. कोणावर ऑपरेशन, कोणाला रेडिएशन, कोणावर नुसती देखरेख. कुठल्याही वाटेने गेले तरी या रोगाने दगावले ते शंभरात तीनच्या आसपासच. उद्या काही निघालंच, तरी वाट आहे. बायोप्सीनंतर लघवीत थोडं रक्त दिसेल, घाबरू नकोस. तुझी अँजिओप्लास्टीनंतरची रक्त पातळ करणारी गोळी मात्र डॉक्टरांना सांग, आपल्या मनाने बंद करू नकोस.

सुनंदावर चिडू नकोस. ती बिचारी एकटी किती दिवस हे पोटात ठेवणार? मी रविवारी दुपारच्या एसटीने येते. डॉक्टरांपुढे बोलायला जड गेलं तर मी बोलेन, तू नुसता शेजारी बस. आणि रात्री झोप आली नाही तर बेधडक फोन कर. माझा डोळा तसाही उशिराच लागतो.

तुझी,
आत्या