घरातील फ्रिज : मांडणी, वापर आणि निगा

कानडी भाषेत ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. ‘आनेकल्लु’ हा जोडशब्द मात्र आकाशातून पडणाऱ्या गारेलाही वापरला जातो. बंगळूरच्या दक्षिणेस सुमारे ३५ किलोमीटरवर, तमिळनाडूच्या सीमेलगत वसलेल्या आनेकल या तालुक्याच्या गावी एके काळी गारेखेरीज दुसरा बर्फ पाहण्याचा योग सामान्य माणसाला क्वचितच येत असे. आज तेथील रेशीम विणणाऱ्यांच्या घरात, तसेच अत्तिबेले, जिगणी, बोम्मसंद्र येथील कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या एका खोलीच्या बिऱ्हाडातही फ्रिज आढळतो. शीतकपाट हा त्याचा ग्रांथिक प्रतिशब्द स्वयंपाकघरापर्यंत कधी पोहोचला नाही, म्हणून येथे रूढ शब्दच वापरला आहे.

घरातील सर्व विद्युत् उपकरणांत फ्रिजचे स्थान काहीसे वेगळे आहे. इस्त्री किंवा मिक्सर काम झाले की बंद होतो. फ्रिज रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालू असतो. त्याच्या धातूच्या दाराला घरातील लहानथोर सर्वजण दिवसातून अनेकदा हात लावतात, आणि तोही बहुधा ओला असतो. पाय अनवाणी असतात, फरशी नुकतीच पुसलेली असते. असे असूनही हे यंत्र इतके शांत आणि निरुपद्रवी दिसते, की त्याच्या पाठीमागे काय चालले आहे याची चौकशी कोणी करीत नाही. फ्रिजपासून संभवणारे बहुतेक धोके त्या न दिसणाऱ्या बाजूलाच असतात.

फ्रिज थंडी निर्माण करतो, अशी समजूत आहे. वस्तुतः तो आतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. पाठीमागच्या तळाशी असलेला कॉम्प्रेसर विशिष्ट वायूला दाबतो. दाबलेला तप्त वायू पाठीवरच्या काळ्या जाळीतून अथवा बाजूच्या पत्र्याआड बसविलेल्या नळीतून जाताना आपली उष्णता खोलीला देतो व द्रवरूप होतो. हा द्रव केसासारख्या बारीक नळीतून बर्फाच्या कप्प्यात शिरताच त्याच्यावरचा दाब एकदम उतरतो, त्याची वाफ होते आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता तो आतील अन्नपदार्थांकडून घेतो. हे चक्र एकदा समजले, की मांडणीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पाठीमागे व बाजूंना सुमारे १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, ती उष्णतेला वाट मिळावी म्हणून. शेगडीजवळ, उन्हाच्या खिडकीत किंवा भिंतीतील बंद कोनाड्यात फ्रिज ठेवला, तर कॉम्प्रेसरला विसावा मिळत नाही. वाहतुकीत फ्रिज आडवा झाला असल्यास कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत उतरलेले असते. म्हणून त्याला काही तास उभा राहू द्यावे आणि मगच वीज जोडावी.

या चक्रात फिरणाऱ्या वायूचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९२० च्या दशकातील फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड यांसारखे विषारी वायू असत आणि गळती झाली की माणसे मरत. अशाच एका बर्लिनमधील दुर्घटनेची बातमी वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलत्या भागांवाचून चालणाऱ्या फ्रिजची रचना केली, असे सांगतात. तिचे अमेरिकन पेटंट १९३० साली मिळाले. परंतु बाजार जिंकला तो त्याच सुमारास पुढे आलेल्या, विषारी नसलेल्या आणि न पेटणाऱ्या फ्रिऑन वायूने. भारतात गोदरेज कंपनीने १९५८ साली फ्रिज बनविण्यास आरंभ केला, तेव्हा जगभर याच वर्गातील वायूंचे राज्य होते. पुढे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे वायू वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचा नाश करतात हे दाखविले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, आणि २०१० पर्यंत भारतातही त्यांचे उत्पादन थांबले. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘आर-६००ए’, असतो. तो ओझोनला धक्का लावीत नाही. मात्र तो स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ आहे आणि तसाच पेटतो. माणसाने विषाचे भय घालविले, आकाशाचे नुकसान थांबविले, आणि ज्वलनशीलतेचा जुना प्रश्न लहान प्रमाणात पुन्हा घरात आणला.

हे प्रमाण किती लहान, तेही पाहावे. एका घरगुती फ्रिजमध्ये साधारणतः ५० ग्रॅमच्या आसपास आयसोब्युटेन असतो. तो पेटण्यासाठी एका घनमीटर हवेत सुमारे ४३ ग्रॅम मिसळलेला असावा लागतो. हवेशीर स्वयंपाकघरात सगळा वायू सांडला तरी तितके प्रमाण सहसा होणार नाही. परंतु गळती फ्रिजच्या आतच झाली तर? दोनशे लिटरच्या बंद कपाटात नऊ-दहा ग्रॅम वायूही पुरेसा होतो. बर्फाच्या कप्प्यातला गोठलेला थर सुरीने खरवडण्याची सवय या कारणाने घातक आहे. त्या कप्प्याच्या पातळ ॲल्युमिनियममध्येच वायूचे मार्ग असतात. सुरीचे टोक एकदा निसटले की वायू नेमका बंद कपाटात जमतो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो, या वायूला तसा वास नसतो. सुरी लागल्यावर फुस्स असा आवाज आला किंवा फ्रिज अचानक गार करीनासा झाला, तर दार उघडे ठेवावे, खोलीच्या खिडक्या उघडाव्यात, शेगडी विझवावी, आणि कोणतेही बटण दाबू नये किंवा प्लग ओढू नये. वीज तोडायचीच तर ती खोलीबाहेरच्या मुख्य स्विचने तोडावी. बर्फाचा थर बोटाच्या अर्ध्या जाडीएवढा झाला की फ्रिज बंद करून तो आपोआप वितळू देणे, हा एकच योग्य उपाय आहे.

वीज आणि जमीन

आता अधिक महत्त्वाच्या विषयाकडे वळावयास हवे. फ्रिजच्या प्लगला तीन पिना असतात. त्यांपैकी वरची पिन इतर दोहोंपेक्षा जाड आणि लांब असते. जाड यासाठी, की ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. लांब यासाठी, की प्लग लावताना तिचा संपर्क सर्वांत आधी व्हावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. ही अर्थिंगची पिन. फ्रिजच्या आतील एखाद्या तारेचे आवरण उंदराने कुरतडले किंवा उष्णतेने विरले आणि ती पत्र्याला टेकली, तर वीज माणसाच्या शरीरातून न जाता या तारेने जमिनीत जावी, अशी ही योजना आहे. दोन पिनांचा अडॅप्टर वापरणे म्हणजे ही योजनाच कापून टाकणे होय.

परंतु पिन आहे म्हणून जमीनही आहे, असे गृहीत धरता येत नाही. अर्थिंगची तार अंगणातील किंवा गल्लीतील एका खड्ड्यात संपते. त्या खड्ड्यात सुमारे अडीच मीटर लांबीचा लोखंडी नळ पुरलेला असतो आणि त्याच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर असतात. ओलसर माती वीज वाहून नेते, कोरडी माती किंवा खडक जवळजवळ नेत नाही. आनेकलच्या परिसरात लाल मातीच्या थराखाली लवकरच कठीण खडक लागतो. त्यामुळे नळ पुरता खाली न जाता अर्ध्यावर थांबविण्याचा मोह कामगाराला होतो. खडक लागल्यास नळ तिरपा पुरण्यास हरकत नसते, फक्त उभ्या रेषेपासून तो ३० अंशांपेक्षा अधिक कलू नये. लांबी मात्र पुरी हवी. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत जमीन सुकत जाते, तेव्हा या खड्ड्यात अधूनमधून घागरभर पाणी ओतावे लागते. भाड्याच्या खोल्यांच्या चाळीत हा खड्डा कोठे आहे हे भाडेकरूला ठाऊक नसते आणि पुष्कळदा घरमालकालाही आठवत नाही.

खड्डा कोरडा पडला तर काय होते, हे साध्या भागाकाराने कळते. समजा, खड्ड्याचा विरोध ३० ओहम झाला. २३० व्होल्टची तार फ्रिजच्या पत्र्याला टेकली, तर २३० भागिले ३०, म्हणजे सुमारे साडेसात अँपियर प्रवाह जमिनीत जाईल. सोळा अँपियरला तुटणारा एम.सी.बी. इतक्या प्रवाहाने तुटणार नाही. फ्रिज चालूच राहील, त्याचा पत्रा जवळजवळ पूर्ण विद्युत्‌दाबावर राहील, आणि दुधाची पिशवी घ्यायला आलेल्या अनवाणी मुलाचा हात त्याला लागेल. ओल्या शरीरातून अशा वेळी जो प्रवाह वाहू शकतो, त्याचा काही अंशही हृदयाची गती बिघडविण्यास पुरतो.

आणखी एक फसगत येथे संभवते. काही इलेक्ट्रिशियन फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये दिवा लावून पाहतात आणि तो उजळला की अर्थिंग ठीक असल्याचा निर्वाळा देतात. साठ वॉटचा दिवा जेमतेम पाव अँपियर प्रवाह घेतो. ३० ओहमच्या निकामी खड्ड्यातही त्याने सात-आठ व्होल्टच कमी होतात आणि दिवा झगझगीत पेटतो. दिवा न पेटल्यास अर्थिंग नाही हे सिद्ध होते. पेटल्यास ती पुरेशी आहे हे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी अर्थ-टेस्टरने, तोही ऐन उन्हाळ्यात, विरोध मोजून घ्यावा. अर्थिंग नाही म्हणून त्या पिनेची तार न्यूट्रलला जोडून देणे हा तर उघड अपराधच समजावा. कारण न्यूट्रलची तार कोठे तुटली, की काहीही बिघाड नसलेल्या फ्रिजच्या अंगात वीज खेळू लागते.

या सर्वांवर खात्रीचा उपाय म्हणजे गळती-प्रवाह ओळखून तुटणारा स्विच, ज्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपियरचा, म्हणजे अँपियरच्या शंभराव्या हिश्शापैकी तिनाचा, फरक पडला की तो क्षणार्धात वीज तोडतो. त्यावर चाचणीचे एक बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. हा स्विच वारंवार पडू लागला तर तो ‘नाजूक आहे’ म्हणून काढून टाकण्याची प्रथा आढळते. त्या वेळी तो आपले कामच करीत असतो.

फ्रिजला हात लावताना किंचितशा मुंग्या आल्या तरी तो वापरणे त्याच क्षणी थांबवावे आणि मुख्य स्विच बंद करावा. कोणी चिकटलेले दिसल्यास त्याला ओढण्यापूर्वी वीज तोडावी.

विद्युत्‌दाब कमी असणे हा निराळा उपद्रव आहे. परिसरातील बोअरवेलचे पंप एकदम चालू झाले की दाब उतरतो. अशा वेळी कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो, होत नाही, तापतो, ‘टिक्’ असा आवाज होऊन संरक्षक बटण सुटते आणि काही मिनिटांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. हा आवाज ऐकू आल्यास फ्रिज बंद करावा. वीज गेली आणि लगेच आली, तरी तीन ते पाच मिनिटे थांबावे. तेवढ्यात नळ्यांतील दाब समान होतो. विलंबाची सोय असलेला स्टॅबिलायझर हे काम माणसाच्या आठवणीवर सोपवीत नाही. अलीकडच्या इन्व्हर्टर कॉम्प्रेसरच्या फ्रिजना तो बहुधा लागत नाही. सोबतची पुस्तिका पाहून ठरवावे.

रोजचा वापर

आत ४ अंश सेल्सिअस आणि बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंश तापमान असावे. फ्रिज जंतूंना मारीत नाही, त्यांची वाढ मंदावतो. इडलीचे पीठ आत ठेवल्यावरही हळूहळू आंबत राहते, हा त्याचा रोजचा पुरावा होय. कच्चे मांस खालच्या कप्प्यात, झाकून ठेवावे. रात्रीचे सारू वाफ ओसरल्यावर झाकून आत ठेवावे, मात्र सकाळपर्यंत ओट्यावर राहू देऊ नये. मोगऱ्याचे गजरे ठेवण्यास हरकत नाही, फक्त दुधाला त्यांचा वास लागणार हे मान्य करून. वीज गेल्यास दार न उघडता सुमारे चार तास अन्न सुरक्षित राहते. पेट्रोल, स्पिरिट किंवा तत्सम ज्वालाग्राही द्रव आत कधीही ठेवू नयेत.

निगा राखण्याच्या कामात सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे पाठीमागे कॉम्प्रेसरवर असलेली लहानशी थाळी. वितळलेल्या दवाचे पाणी तिच्यात जमते. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशा स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास सात-दहा दिवस पुरतात. म्हणून प्लग काढून ही थाळी दर आठवड्याला रिकामी करावी व घासावी. नुसते पाणी ओतून चालत नाही, कारण अंडी काठाला चिकटलेली असतात. पाठीवरच्या जाळीवरील धूळ, जी जिगणीसारख्या दगड कापण्याच्या कारखान्यांच्या गावी लवकर बसते, दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशने झाडावी. दाराच्या रबरी पट्टीत कागदाचा कपटा धरून दार लावावे. तो सहज निसटला तर पट्टी सैल झाली आहे.

वायू भरून घ्यावयाचा झाल्यास कॉम्प्रेसरजवळची पाटी आधी वाचावी. तिच्यावर ज्योतीचे चिन्ह असलेला पिवळा त्रिकोण असेल, तर आत ज्वलनशील वायू आहे. अशा फ्रिजच्या नळ्यांना, आतील वायू पूर्ण काढल्यावाचून, डाख देण्याची ज्योत लावता कामा नये. हे काम मोकळ्या हवेत व्हावे. उलटपक्षी, जुन्या न पेटणाऱ्या वायूच्या फ्रिजमध्ये स्वस्त म्हणून आयसोब्युटेन भरून घेणेही तितकेच गैर आहे. त्यातील थर्मोस्टॅट व दिव्याचा स्विच ठिणगी रोखणारे नसतात.

निकामी फ्रिज अंगणात किंवा गच्चीवर पडून राहतो, हे सार्वत्रिक दृश्य आहे. जुन्या काळी फ्रिजच्या दाराला बाहेरून खटक्याची मूठ असे आणि खेळताना आत लपलेल्या मुलांना ते दार आतून उघडता येत नसे. अशा अनेक मृत्यूंनंतर अमेरिकेने १९५६ साली कायदा करून आतून उघडणारे दार सक्तीचे केले. आजची चुंबकाची रबरी पट्टी आतून ढकलल्यास सुटते, परंतु पाडलेला फ्रिज दारावर पालथा असेल किंवा मूल अगदी लहान असेल, तर तिचा भरवसा नाही. फ्रिज टाकून देण्यापूर्वी त्याचे दार बिजागऱ्यांतून काढून वेगळे करावे, कप्पे मात्र आतच राहू द्यावेत, म्हणजे मुलाला आत शिरण्यास जागा उरत नाही. त्यानंतर तो हातोडीने नळ्या फोडणाऱ्या भंगारवाल्याकडे न देता, २०२२ च्या ई-कचरा नियमांखाली नोंदणी झालेल्या केंद्राकडे द्यावा. तेथे आतील वायू आणि कॉम्प्रेसरचे तेल वेगळे काढून घेतले जाते.