आधी हात, मग पाकीट

आठवडे बाजारात मांडलेल्या माठावर कंपनीचं नाव नसतं, सुपाला वॉरंटी नसते, घोंगडीची पावती मिळत नाही. मग चांगलं कुठलं आणि थातुरमातुर कुठलं, हे ओळखायचं कसं? माझ्या सासूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे. त्यांनी मला एकच सूत्र दिलं होतं. प्रत्येक कारागिरीत एक टप्पा वेळ खाणारा असतो. लबाडी करणारा नेमका तोच टप्पा गाळतो. तो कुठला हे ठाऊक असलं की परीक्षा कुठं घ्यायची ते कळतं. बाकी रंग, नक्षी, गोंडे हे सगळं डोळ्यांसाठी असतं.

नव्यानं संसार मांडणाऱ्या पोरापोरींनो, ते सूत्र एकेका वस्तूला लावून दाखवते.

माठ : कानानं घ्या

माठाचा वेळखाऊ भाग म्हणजे वाळवण आणि भाजणी. अर्धवट वाळलेला माठ आव्यात तडकतो, आणि कमी भाजलेला घरी आल्यावर झिजतो. माठ एका तळहातावर घ्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजला तर भाजणी नीट झाली. बद्द वाजला तर कच्चा आहे किंवा चीर गेली आहे. एकाच जागी वाजवून थांबू नका, गोल फिरवत चारही बाजूंनी वाजवा. चीर एकाच अंगाला असते. मग तळाशी नखानं ओरखडा काढून पाहा. माती पीठ होऊन सुटली तर तो माठ ठेवून द्या.

अंगावर पांढरे ठिपके आणि त्याभोवती बारीक खळगे दिसले तर मातीत चुनखडीचा खडा राहिला आहे. तो पाणी पिऊन फुगतो आणि तिथला टवका उडवतो.

आता गार पाण्याचं. माठाच्या अंगातून पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. झिरपण्यासाठी छिद्रं हवीत, म्हणून कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद मळतात. ती भट्टीत जळून जाते आणि बारीक जागा मोकळ्या राहतात. त्यामुळं बाहेरून ऑइलपेंट किंवा वॉर्निश दिलेला माठ कितीही देखणा असला तरी तो पाणी गार करणार नाही. गेरूचा हात चालतो.

घरी आणल्यावर एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा. आतून कधीही साबण लावू नका, माती तो शोषते आणि पुढं पाण्याला वास येतो. नुसता हात फिरवून धुवा. माठ वाऱ्याला ठेवा, कोपऱ्यात कोंडू नका. तुमच्याकडं बोअरचं जड पाणी असेल तर क्षार साचून छिद्रं बुजतात, म्हणून दर उन्हाळ्याला नवा माठ घ्यावा लागला तर कुंभाराला दोष देऊ नका. आणि खरेदी शिमग्याच्या आत करा. तेव्हा निवडायला माल असतो; ऐन उन्हाळ्यात उरलंसुरलं पदरी पडतं.

स्वयंपाकाचं मातीचं भांडं असेल तर पहिल्यांदा त्यात भाताची पेज उकळा. पेजेनं छिद्रं भरतात आणि भांडं गळत नाही. त्यानंतरही जाळ बारीकच ठेवा, आणि तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका.

सूप, दुरडी, रोवळी : आपटून पाहा

बांबूच्या कामात वेळ खातो तो बांबू. तो कधी तोडला यावर सगळं असतं. पावसाळ्यात बांबूत ओल जास्त असते, तेव्हा तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो. हिवाळ्यात तोडलेला टिकतो. दुरडी उलटी करून जमिनीवर दोनदा हलकेच आपटा. पिवळट भुकटी पडली तर आत भुंगा बसला आहे, घरी नेलीत तर इतर टोपल्यांनाही लागेल.

कामट्यांचा रंगही बघा. बांबूची पाठ, म्हणजे बाहेरची हिरवट चकचकीत साल, ही मजबूत. पोटाच्या कामट्या पांढरट आणि मऊ. चांगला बुरूड ओझं पेलणाऱ्या जागी पाठीच्या कामट्या घालतो. फक्त पोटाच्या कामट्यांची बुट्टी स्वस्त मिळते, ती फुलांना ठीक आहे, ज्वारीला नाही. आणि हाताला ओलसर लागणारं हिरवं विणकाम घेऊ नका. बांबू वाळला की आक्रसतो आणि विणीत फटी पडतात.

सूप सपाट जागी ठेवून हलवून बघा, डगमगलं तर पाखडताना हात दुखतो. नव्या सुपाला मेथीच्या पिठाचा आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा आतून लावून उन्हात वाळवायचा. मग राळे, राजगिरा असलं बारीक धान्यही खाली सांडत नाही.

घोंगडी : नाकानं ओळखा

घोंगडीत वेळ जातो लोकर पिंजण्यात आणि हातानं सूत काढण्यात. धनगरांनी मेंढ्या कातरायच्या, बायकांनी सूत काढायचं, सनगरांनी मागावर विणायचं, वर चिंचोक्याची खळ द्यायची, अशी ही साखळी आहे. हातसुताचा धागा कुठं जाड, कुठं बारीक असतो. अगदी एकसारखा धागा दिसला तर तो यंत्राचा समजा. काळा, करडा, पांढरा हे मेंढीचेच रंग. लाल-निळ्या काठाला रंगवलेलं सूत चालतं, सगळं अंगच भडक रंगाचं असेल तर चौकशी करा.

नवी घोंगडी टोचते आणि ताठ असते. ती खळ आहे, वापरानं जाते. पहिल्याच दिवशी मऊ लागणारी, हलकी आणि स्वस्त 'घोंगडी' बहुतेक वेळा गिरणीतली असते. जुन्या लोकरी कपड्यांचे धागे पुन्हा कातून अशी पांघरुणं पानिपतकडं मोठ्या प्रमाणावर होतात. थंडीला ती वाईट नाहीत, पण घोंगडीच्या भावानं घेऊ नका.

शंका असेल तर विकणाऱ्याला विचारून काठाचा सुटा दोरा काढा आणि पेटवा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख चिमटीत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. खरा विणकर या परीक्षेला नाही म्हणत नाही. घरी घोंगडी धुवू नका, झटका आणि उन्हं दाखवा. घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवला की कसर लांब राहते.

कोल्हापुरी चप्पल : कड बघा

इथं वेळ खाणारं काम म्हणजे कातडं कमावणं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवावं लागतं. घाई करणारा तळाच्या थरांत पुठ्ठा भरतो. म्हणून वरची वेणी, गोंडा पाहण्याआधी चप्पल आडवी धरून कड बघा. चामड्याच्या थरात तंतू दिसतात, पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटतात. शिवण चामड्याच्या वादीची असावी, खिळा दिसला तर ठेवून द्या. ओल्या रुमालानं चोळा, रंग भरभर उतरला तर तुमच्या टाचाही रंगतील.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. अंगठ्याला किंचित घट्ट होणारीच घ्या, कारण कातडं सैलावतं. पट्ट्याला आणि अंगठ्याला एरंडेल किंवा खोबरेल चोळून पहिले काही दिवस घरातच थोडा थोडा वेळ घाला. भिजली तर सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेली चप्पल लाकडासारखी होते.

या चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते महाराष्ट्रातल्या चार व कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. त्यामुळं बेळगावकडच्या कारागिराची चप्पल नकली आहे असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

विळी, कोयता, तवा आणि पाटा

लोखंडाच्या पात्याचं सगळं मोल पाणी देण्यात आहे. तापवून लाल केलेलं पातं पाण्यात बुडवलं की कडक होतं. पाणी जास्त झालं तर धारेचे तुकडे पडतात, कमी झालं तर धार वळते. हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लोहाराला सरळ विचारा, लोखंड कशाचं? ट्रकच्या कमानपाट्याचं असेल तर तो अभिमानानं सांगेल. बीडाचा नसलेला साधा तवा पाहायचा तो जाडीला, सगळीकडं सारखी हवी. काळा रंग फासलेला तवा नको. घरी घासून, तेल लावून, त्यावर एक-दोनदा कांदा परतून टाकून द्या, मग भाकरी करा. लोखंडात चिंचेची आमटी शिजवू नका, काळी पडते.

पाट्याला टाकी हातानं घातलेली असावी. पहिल्यांदा जाडं मीठ आणि तांदूळ वाटून फेकून द्या, कच निघून जाईपर्यंत हे करा. कंटाळा केलात तर चटणीत दगड चावाल.

खाण्याच्या वस्तू : फार देखणं टाळा

गुळाच्या ढेपेत वेळ जातो रस उकळून मळी काढण्यात. जुनी पद्धत रानभेंडीच्या चिकानं मळी वर आणण्याची. आडवाट म्हणजे हायड्रोससारखी पावडर टाकून गूळ उजळवणं. म्हणून सोन्यासारखा पिवळाधमक गूळ पाहून हुरळू नका, तपकिरी घ्या. तुकडा तोंडात टाका, खारट चव लागली तर पुढं चला.

आमसुलात कोकमाची साल त्याच्याच रसात बुडवून, वाळवून, पुन्हा बुडवायची असते. चांगलं आमसूल बोटाला किंचित चिकटतं आणि जांभळट लाल दिसतं. खडखडीत, पांढरं मीठ फुटलेलं घेतलंत तर मिठाला आमसुलाचा भाव दिलात. गोव्यात म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात पावसाआधी लोक सोलं म्हणजे आमसुलं, मिरची, माडाचा गूळ, सुकी मासळी अशी वर्षाची बेगमी करतात, तिथल्या बायका माल हातात घेतल्याशिवाय भावच विचारत नाहीत. तसंच करा.

भाव करताना

घासाघीस करा, बाजाराची ती रीत आहे. पण तीन गोष्टी पाळा. सकाळी विक्रेत्याची भवानी व्हायची असेल तेव्हा घ्यायचं नसताना भाव पाडून उठून जाऊ नका. दिवस मावळताना माल परत न्यायचा नाही म्हणून तो स्वस्तात देतो, भाजीत ते चालतं, चार दिवस बसून विणलेल्या वस्तूत चालत नाही. आणि भाव कमी करण्याऐवजी काही वाढवून मागा. माठावर झाकण, सुपाबरोबर एक परडी. त्याला ते जड जात नाही, तुम्हाला उपयोग होतो.

माल घेतलात की विकणाऱ्याचं गाव आणि तो कुठल्या वारी कुठं बसतो ते विचारून ठेवा. सुपाची कड सुटली, चपलेची वादी तुटली, कोयत्याची धार गेली, तर वस्तू कचऱ्यात टाकू नका. पुढच्या बाजाराला त्याच माणसाकडं घेऊन जा. ज्यानं ती केली आहे त्यालाच ती दुरुस्त करता येते.