पोकळीचें बळ : ज्योत, तापलेली हवा आणि वातावरणी यंत्र

भुसावळाहून दीपनगरावरून जातांना औष्णिक वीजकेंद्राचीं धुराडीं लांबूनच दिसूं लागतात. धुराड्यांतून धूर निघावा यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु शेजारच्या रुंद मनोऱ्यांतून निघणारे वाफेचे पांढरे लोट पाहून आमच्या गांवच्या एका वडीलधाऱ्या शेतकऱ्यानें एस. टी. मध्यें मला प्रश्न केला : "भाऊसाहेब, कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, आणि तीच वाफ पुन्हां निववून तिचें पाणी करायचें, हा कुठला हिशेब? कष्टानें मिळवलेली ऊब आकाशांत कां सोडतात?"

मीं जन्मभर महसूल खात्यांत कारकुनी केली. माझें शिक्षण मराठी शाळेंतलें. तरी हा प्रश्न खोटा नव्हे हें मला तेव्हांच उमगलें, कारण तोच प्रश्न निराळ्या रूपानें आमच्या घरच्या विहिरीवर एकदां उभा राहिला होता व त्याचें उत्तर ठाऊक नसल्यामुळें आमचा केळीचा एक बाग गेला. ती हकीकत पुढें येईल. प्रथम ज्योतीकडे वळूं.

कित्येक घरांत पोट दुखूं लागलें म्हणजे पोटावर कणकेचा लहानसा दिवा पेटवून ठेवतात व त्यावर तांब्या उपडा घालतात. दिवा विझतो आणि तांब्या कातडीस असा घट्ट बसतो कीं ओढूनहि निघत नाहीं. औषध म्हणून मी या उपायाची शिफारस करीत नाहीं. पोळण्याचें भय असतें. पण यांत जें घडतें तेंच आजच्या विषयाचें बीज आहे. तांब्या कोण धरून ठेवतो? आंतून कोणी ओढीत नाहीं. बाहेरची हवा त्याला दाबून धरते.

हवेस वजन आहे. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशीं राहतों व त्या समुद्राचा भार दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १ किलो इतका आहे. दहा सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद फरशीच्या तुकड्यावर हा भार जवळजवळ एक क्विंटल भरतो. तो सर्व बाजूंनीं सारखा असल्यामुळें जाणवत नाहीं. एका बाजूची हवा काढून घेतली कीं दुसऱ्या बाजूची आपलें बळ दाखविते. जर्मनींतील मॅग्डेबर्ग शहराचा नगरपति ओटो फॉन गेरिके यानें १६५७ सालीं तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकास एक लावून आंतील हवा पंपानें काढली, व दोहों बाजूंस घोडे जुंपूनहि ते सुटेनात, हा प्रयोग प्रसिद्धच आहे.

मग तांब्यांतली हवा कोणी काढली? पुष्कळ जण सांगतात कीं दिव्यानें आंतला प्राणवायु जाळून टाकला व तेथें पोकळी झाली. हें उत्तर अर्धवट आहे. प्राणवायु जळतो खरा, पण त्याच्या जागीं कर्बवायु व वाफ निर्माण होतात. खरें कारण उष्णता होय. तापलेली हवा फुगते, तिचा बराच भाग तांब्याच्या कांठाखालून निसटून जातो, आणि मग ज्योत विझून उरलेली हवा निवली म्हणजे तिचा दाब उतरतो. ताटलींत पाणी घालून मधोमध मेणबत्ती पेटवावी व तीवर कांचेचा पेला उपडा घालावा : प्रथम कांठाजवळून बुडबुडे बाहेर येतात, आणि पाणी आंत जोरानें चढतें तें बहुतेक ज्योत विझल्यावर.

याचा हिशेबहि मांडतां येतो. बर्फाच्या बिंदूखालीं २७३ अंशांपासून तापमान मोजूं लागलें तर कोंडलेल्या हवेचा दाब त्या मापाच्या प्रमाणांत चढतो-उतरतो. आपली नेहमींची २७ अंशांची हवा या मापानें ३०० भरते. ज्योतीनें तापून ६२७ अंशांवर गेलेली हवा ९०० भरते. ९०० ची हवा नळकांड्यांत कोंडून ती ३०० वर निवविली तर दाब एकतृतीयांश उरतो. म्हणजे बाहेरच्या हवेचा दोनतृतीयांश जोर आपल्या हातीं लागला. मात्र तो जोर तापवितांना नव्हे तर निववितांना हातीं आला, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

या तत्त्वावर चालणारें एक चिमुकलें यंत्र आहे. त्याला ज्योत चाटणारें यंत्र म्हणतात व हौशी कारागीर तें आजहि बनवितात. एक लहान नळकांडें, त्यांत सरकणारा दट्ट्या, नळकांड्याच्या डोक्याशीं एक भोंक व त्यावर सरकती झडप, आणि भोंकासमोर स्पिरिटचा दिवा. जडचक्रास हातानें फेरा दिला म्हणजे दट्ट्या मागें सरतो व भोंकांतून ज्योतीची तप्त हवा आंत ओढली जाते. दट्ट्या शेवटास येतांच झडप भोंक बंद करते. कोंडलेला वायु थंड भिंतींस लागून निवतो, आंतला दाब पडतो, आणि बाहेरची हवा दट्ट्याला मागून रेटून परत आंत ढकलते. कामाचा हिसका हाच. पुढें झडप उघडते, उरलेला वायु बाहेर जातो व चक्राच्या गतीनें दट्ट्या पुन्हां मागें येऊं लागतो. ज्योतीनें येथें दट्ट्यास एक तसूभरहि ढकललें नाहीं.

त्यामुळें या यंत्राच्या खोडीहि उलट्या आहेत. आपलें डिझेल इंजिन थंड असतां कुरकुरतें व तापल्यावर नीट चालतें. हें यंत्र उलट फार तापलें कीं मंदावून थांबतें, कारण भिंती तापल्या तर वायु निवणार कसा? म्हणून त्याच्या नळकांड्याला बाहेरून पातळ पात्यांचीं कडीं काढलेलीं असतात. शिवाय जोराची मर्यादा ठरलेली. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्याचें क्षेत्र सुमारें ५ चौरस सेंटिमीटर. आंत पूर्ण पोकळी झाली तरी ५ किलोपेक्षां अधिक रेटा मिळावयाचा नाहीं. कितीहि मोठी ज्योत लावा, वातावरण आपल्या वजनाहून अधिक कांहीं देत नाहीं. डिझेल इंजिनांत आगीनें फुगलेला वायु स्वतः दट्ट्यास ढकलतो व तेथें दाब वातावरणाच्या कित्येक पटींनीं चढतो. दोहोंतील मूळ भेद हाच.

तरी हें खेळणें म्हणून सोडून देण्यासारखें नाहीं. १६७३ च्या सुमारास हॉलंडचा विद्वान हायगेन्स यानें बंदुकीच्या दारूनें नळकांड्यांतली हवा उडवून लावून वातावरणाकडून दट्ट्या ओढविण्याची युक्ति काढली. १८२३ सालीं इंग्लंडांत सॅम्युएल ब्राउन यानें नळकांड्यांत गॅसची ज्योत पेटवून, झांकण बंद करून, आंत पाण्याचा फवारा सोडून पोकळी करणारें यंत्र काढलें व त्यानें पाणी उपसून दाखविलें. पुढें निकोलाउस ओटो व ऑयगेन लांगेन या जर्मन जोडीचें यंत्र १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत सुवर्णपदक घेऊन गेलें. त्यांत गॅसच्या स्फोटानें दट्ट्या मोकळाच वर उडे; चाकाशीं त्याचा संबंधच नसे. वर गेल्यावर आंतला वायु निवे आणि हवेचा दाब व दट्ट्याचें वजन मिळून तो खालीं येऊं लागे, तेव्हां त्याची दांतेरी पट्टी चाकास धरून फिरवी. तें पुरुषभर उंचीहून पुष्कळ उंच, खडखडाट करणारें धूड होतें, आणि जोर फार तर तीन अश्वशक्तींचा. पण गॅस इतरांच्या निम्म्याहून कमी लागे, म्हणून लोकांनीं तें घेतलें. त्याच ओटोनें १८७६ सालीं चार टप्प्यांचें इंजिन बनविलें आणि वातावरणी गॅसयंत्राचे दिवस संपले.

आतां हवेऐवजीं वाफ घेतली तर काय होतें तें पाहूं. एक लिटर पाण्याची उकळत्या बिंदूवरील वाफ सुमारें १,६०० लिटरांहून अधिक जागा व्यापते. ती निवविली कीं पुन्हां एकच लिटर पाणी. हवा निववून दाब तिसऱ्या हिश्श्यावर येतो. वाफ निववून मागें जवळजवळ कांहींच उरत नाहीं. पोकळी करण्याच्या कामीं वाफेसारखी दुसरी वस्तु नाहीं.

थॉमस न्यूकोमेन या लोहसामान विकणाऱ्या इंग्रज गृहस्थानें १७१२ सालीं डडली किल्ल्याजवळच्या कोळशाच्या खाणीवर जें यंत्र उभें केलें, त्याचें सर्व बळ यांतच होतें. २१ इंच व्यासाच्या नळकांड्यांत साधी, दाब नसलेली वाफ भरावयाची, आंत थंड पाण्याचा फवारा सोडावयाचा, व पोकळी होतांच वातावरणानें दट्ट्या खालीं दाबावयाचा. दट्ट्याच्या साखळीनें ओढलेली भली मोठी लांकडी तुळई दुसऱ्या टोकानें खाणींतील पंपाचा दांडा वर उचली. मिनिटास १२ हिसके, दर हिसक्यास १० गॅलन म्हणजे सुमारें ४५ लिटर पाणी, आणि उचल १५३ फूट. मीं आंकडेमोड करून पाहिली. हें काम साडेपांच अश्वशक्तींच्या आसपास भरतें. आपल्या खानदेशांत विहिरीवर जी पांच अश्वशक्तीची विजेची मोटार बसवितात तेवढेंच! आणि तेवढ्यासाठीं घराएवढें यंत्र.

येथें चाणाक्ष वाचक विचारील कीं वातावरणाचा जोर इतका मर्यादित असतां पाणी १५३ फूट कसें चढलें? उत्तर असें कीं यंत्र वर होतें व पंप खालीं, पाण्यापाशीं. वातावरण दट्ट्यावर काम करीत होतें, खाणीच्या पाण्यावर नव्हे. पाणी दांड्यानें उचललें जात होतें. हा फरक कळण्यास आमच्या घरास एक बाग द्यावा लागला.

न्यूकोमेनच्या यंत्राचा दोष असा कीं दर हिसक्यास तेंच नळकांडें निववून पुन्हां तापवावें लागे, आणि कोळसा बेसुमार जळे. जेम्स वॉट यानें वाफ निवविण्यास वेगळें भांडें जोडलें. नळकांडें सदा गरम, भांडें सदा थंड. त्याचा हक्क त्यानें १७६९ सालीं नोंदविला. पुढें तो व त्याचा भागीदार बोल्टन हे खाणमालकांकडून वांचलेल्या कोळशाच्या किंमतीचा तिसरा हिस्सा घेत. उत्पन्नावर नव्हे तर बचतीवर आकारणी! सारा वसुलींत आयुष्य घालविलेल्या माणसास ही पद्धत मनापासून आवडली हें कबूल करतों.

या वेगळ्या भांड्याचाच वंशज दीपनगरास आहे. तेथें १९७९ व १९८२ सालीं २१० मेगॅवॉटचे संच उभे राहिले व पुढें ५०० मेगॅवॉटचे दोन आले. अशा संचांत वाफ वातावरणाच्या दीडशे पटींच्या आसपास दाबानें पात्यांच्या चक्रांवर सोडतात. म्हणजे हें निव्वळ वातावरणी यंत्र नव्हे. परंतु चक्रांतून बाहेर पडणारी वाफ मोकळ्या हवेंत न सोडता हजारों नळ्यांच्या कोठींत नेतात. नळ्यांतून थंड पाणी वाहतें, वाफ बाहेरून त्यांना लागून पाणी होते आणि कोठींत वातावरणाच्या दहाव्या हिश्श्याइतकाच दाब उरतो. वाफेला पुढें रेटण्यास मोकळी जागा मिळते. या पोकळीमुळें, ढोबळ मानानें, एकूण कामाचा सुमारें पंचमांश भाग पदरांत पडतो. २१० मेगॅवॉटांतील चाळीस मेगॅवॉट धरा. तीं त्या मनोऱ्यांचीं!

नळ्यांतून तापून आलेलें पाणी मनोऱ्यांत शिंपडून निववितात. त्यांतला कांहीं भाग वाफ होऊन उडून जातो. ते पांढरे लोट याचेच. उडालेल्या पाण्याची भर तापीवरील हतनूरच्या जलाशयांतून घालावी लागते. आपला माठ जसा वैशाखांत गार पाणी देतो आणि श्रावणाच्या दमट हवेंत देत नाहीं, तसेंच या मनोऱ्यांचें आहे : नुसता पारा किती चढला यापेक्षां हवा किती कोरडी आहे यावर त्यांचें काम अधिक अवलंबून असतें. कोळशाची जवळजवळ निम्मी उष्णता या वाटेनें जाते, म्हणून त्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप अगदींच निराधार नव्हे. पण ती न सोडली तर पोकळी होत नाहीं.

आतां विहिरीची गोष्ट. मी शाळेंत असतांना वडिलांनीं मोट सोडून डिझेल इंजिन व पंप घेतला आणि दोन्ही विहिरीच्या कांठावर बसविले. पावसाळ्यांत व हिंवाळ्यांत पाणी धो धो आलें. फाल्गुनांत पाणी खालीं गेलें व पंपानें एक दिवस नुसती हवा ओढली. मिस्त्री आला, फूट-व्हॉल्व, ज्यास आमच्याकडे सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात, तो बदलला. दुसरा मिस्त्री आला, त्यानें गाळा बदलला. तिसऱ्यानें इंजिनाचा जोर कमी पडतो म्हणून सांगितलें, आणि वडील कर्ज काढून मोठें इंजिन आणण्याच्या विचारांत पडले. तोंपर्यंत चैत्र सरला. निसवणीस आलेली केळी उभ्याउभ्या वाळली. वडील त्या वर्षीं बागेकडे फिरकले नाहींत.

इंजिन निर्दोष होतें. पंप पाणी ओढीत नसतो. तो नळींत पोकळी करतो, आणि विहिरीच्या पाण्यावर बसलेलें वातावरण तें पाणी नळींत वर ढकलतें. वातावरणाचें सगळें वजन पाण्याच्या सुमारें १० मीटर उंच खांबाएवढें आहे. नळीचें घर्षण, सांध्यांतली गळती, गरम पाण्याची वाफ हीं वजा जातां ६ ते ७ मीटर हातीं राहतात. त्यापुढें पांचाचें इंजिन लावा कीं पन्नासाचें, पाणी येणार नाहीं. अखेर एका विहिरी खोदणाऱ्यानें सांगितल्यावरून विहिरीच्या पोटांत टप्पा खोदून पंप खालीं नेला, आणि पाणी लागलें. त्या अशिक्षित माणसानें न्यूकोमेनचें नांवहि ऐकलें नसेल.

मात्र पंपाबरोबर डिझेल इंजिन टप्प्यावर उतरविणें हें जीवावरचें काम आहे. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो, आणि विहिरींत तो सांचून राहिला तर उतरणारा माणूस हांक न मारतां खालीं कोसळतो. इंजिन वर ठेवून लांब पट्ट्यानें पंप चालवावा किंवा विजेची मोटार घ्यावी.

ज्यांचे पंप अद्याप कांठावर वा टप्प्यावर आहेत, त्यांनीं वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यांत, पाणी सर्वांत खालीं असतां व उपसा चालू असतां, दोरीस दगड बांधून पंपाच्या मध्यापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजावें. दोरी ६ मीटरांहून अधिक भरली तर मिस्त्रीस बोलावण्यापूर्वीं पंप खालीं घ्यावा. पाण्यांत बुडवून चालविण्याच्या मोटारीस हा नियम लागत नाहीं. ती मुळांतच पाण्यापाशीं असते व पाणी खालून वर ढकलते.