पाण्यासारखा हो

मुलांनो, चित्रपट दोन प्रकारचे असतात. एकात कल्पित कथा नटांनी वठविलेली असते. दुसऱ्यात प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींची चित्रे जुळवून दाखविलेली असतात. या दुसऱ्या प्रकारास अनुबोधपट म्हणतात.

विख्यात युद्धकलाविशारद ब्रूस ली याच्या जीवनावरील 'बी वॉटर', म्हणजे 'पाण्यासारखा हो', हा असाच एक अनुबोधपट. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील सनडान्स चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखविण्यात आला. अशा महोत्सवांत खेळ संपला, की दिग्दर्शक पुढे येतो आणि प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरे देतो. चित्रपट पाहणे हा एक आनंद. त्याविषयी विचारणे हा दुसरा.

ब्रूसचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. बालपण मात्र हाँगकाँगमध्ये गेले. तेथे इप मान या गुरूंपाशी तो विंग चुन ही चिनी युद्धकला शिकला. १९५९ साली तो अमेरिकेस परतला. उपाहारगृहात काम करीत त्याने शिक्षण घेतले आणि जो शिकू इच्छील त्याला, वर्ण वा वंश न पाहता, आपली विद्या दिली.

पण चित्रपटसृष्टीची दारे त्याला सहज उघडली नाहीत. चिनी चेहऱ्याचा नायक प्रेक्षकांना रुचणार नाही, अशी तेथील निर्मात्यांची समजूत होती. १९६६ साली सुरू झालेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेत त्याला नायकाच्या मदतनिसाची भूमिका मिळाली. १९७० साली व्यायाम करताना त्याच्या पाठीस गंभीर दुखापत झाली. शरीर अंथरुणास खिळले, मन मात्र खिळले नाही. त्या काळात त्याने वाचन केले आणि आपले विचार वह्यांत लिहून काढले.

पुढे हाँगकाँगला जाऊन त्याने 'द बिग बॉस' या १९७१ च्या चित्रपटात नायकाची भूमिका केली. प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. मग अमेरिकेनेही त्याला नायक केले. परंतु 'एंटर द ड्रॅगन' तेथे झळकण्यापूर्वीच, २० जुलै १९७३ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो निवर्तला.

या अनुबोधपटाचे दिग्दर्शक बाओ गुयेन यांचे आईवडील व्हिएतनाममधून निर्वासित होऊन अमेरिकेत आले होते. परक्या देशात उपरे ठरणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसेल. म्हणूनच त्यांनी ब्रूसच्या मुठीपेक्षा त्याची झुंज अधिक दाखविली.

पाणी घागरीत घागरीचा आकार घेते. वाटेत खडक आला तर वळसा घालते, पण वाहणे सोडत नाही. ब्रूसला हे पाणी प्रिय होते. बलवान कोण? दुसऱ्याला पाडतो तो, की अडविले तरी पुढे जातो तो? याचे उत्तर त्याच्या जीवनात आहे.

स्वाध्याय
१. अनुबोधपट म्हणजे काय?
२. निर्मात्यांची कोणती समजूत ब्रूसच्या वाटेत आड आली?
३. तुम्हांस दिग्दर्शकास प्रश्न विचारण्याची संधी मिळाली, तर काय विचाराल?