मोबाइलवरील शेतीचे धडे : आधी पारखा, मग वापरा



सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी आपण ओल्या गोणपाटावर १०० दाणे ठेवून उगवणशक्ती तपासतो. किमान ७० दाणे उगवले तरच ते बियाणे पेरणीयोग्य समजतो. मोबाइलवर मिळणारा सल्ला मात्र अनेकदा न तपासताच थेट शेतात पोचतो. त्यातून खर्च वाया जातो, पीक हातचे जाते आणि औषधाची मात्रा चुकली तर जिवावर बेतते. म्हणून इंटरनेटवरून शिकताना काय पाहावे आणि ते कसे पारखावे, याची माहिती येथे दिली आहे. गावातील शिक्षकांनाही ती उपयोगी पडेल.

उपयुक्त साधने

१) ई-बालभारती व दीक्षा : राज्याची शालेय पाठ्यपुस्तके ई-बालभारतीवर विनामूल्य मिळतात. पुस्तकातील क्यूआर कोड मोबाइलने टिपल्यास 'दीक्षा' या २०१७ साली सुरू झालेल्या मंचावरील पूरक पाठ पाहता येतात. शाळा सोडून बरीच वर्षे झालेल्या शेतकऱ्यानेही विज्ञानाची उजळणी येथूनच सुरू करावी.

२) मराठी विश्वकोश : तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७६ साली निघाला. आता विश्वकोश इंटरनेटवर वाचता येतो. पिके, खते, मृदा यांवरील नोंदी मराठीतच आहेत.

३) स्वयम् : केंद्र शासनाच्या या मंचावर २०१७ पासून महाविद्यालयीन अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते. बरेच पाठ इंग्रजीत असल्याने गावातील कृषी पदवीधरांची मदत घ्यावी.

४) फेट : नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा उपक्रम आहे. त्यात विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर करून पाहता येतात. सामू समजून घेण्यासाठी त्यातील प्रयोग चांगला आहे.

५) अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ : टाकाऊ वस्तूंपासून करावयाची विज्ञान खेळणी व अनेक पुस्तके येथे विनामूल्य मिळतात. त्यांत मराठी पुस्तकेही आहेत.

एक उदाहरण : पिवळी पाने

पीक पिवळे पडले की "युरिया द्या" असा सल्ला लगेच मिळतो. तो नेहमीच बरोबर नसतो. नत्र कमी पडल्यास खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडल्यास शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी होतात, पण शिरा हिरव्या राहतात. चुनखडीच्या, जास्त सामू असलेल्या जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. सामू ७.५ वरून ८.५ झाला म्हणजे फरक एकाचा नसून दहा पटींचा असतो, हे फेटवरील प्रयोगात स्पष्ट दिसते.

अशा वेळी आपली मृदा आरोग्य पत्रिका काढावी. तिच्यात सामू आणि लोह दोन्ही दिलेले असतात. लोहाची कमतरता असेल तर युरियाने ती भरून निघणार नाही. म्हणजेच पान, पत्रिका आणि पाठ या तिन्हींचा मेळ बसला, तरच सल्ला मानावा.

पारखण्याचे चार प्रश्न

१) कोणी सांगितले? सांगणारा तेच औषध किंवा खत विकत असेल तर दुसरीकडे खात्री करावी.

२) कोठल्या भागासाठी? कोकणातील जांभ्या जमिनीचा सल्ला विदर्भातील काळ्या जमिनीला लागू पडेलच असे नाही.

३) केव्हाचे? मूलतत्त्वे टिकतात, औषधांच्या शिफारशी बदलतात. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. जुन्या लिखाणात मात्र त्याची शिफारस आढळते.

४) लहान क्षेत्रावर पाहता येईल का? अन्नद्रव्याची फवारणी आधी चार ओळींवर करावी, शेजारच्या चार ओळी तशाच ठेवाव्यात आणि आठ-दहा दिवसांनी फरक पाहावा.

कीटकनाशकांच्या बाबतीत मात्र असे प्रयोग करू नयेत. डब्यावरील लेबल हाच आधार मानावा. व्हिडिओ पाहून दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे विसरता कामा नये.

शाळेत आठवड्याला एक तास

शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ शाळेतील संगणक शेतकऱ्यांसाठी खुला करावा. एका वेळी एकच विषय घ्यावा. शेतकऱ्यांनी शेतातील पान, किडीचा नमुना किंवा मृदा पत्रिका सोबत आणावी. मुलांनी पाठ शोधून वाचून दाखवावा, मोठ्यांनी तो आपल्या अनुभवाशी ताडून पाहावा. उरलेल्या शंका वहीत लिहून कृषी विज्ञान केंद्रात न्याव्यात किंवा किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या विनाशुल्क क्रमांकावर मराठीतून विचाराव्यात.

अशी वही वर्षभर ठेवली तर आपल्या गावाच्या जमिनीला काय लागू पडते आणि काय नाही, याची नोंद तयार होईल. पुढच्या हंगामात ती सर्वांच्या उपयोगी पडेल. तरी शेतकरी बंधू-भगिनींनी व शिक्षकांनी या साधनांचा डोळसपणे लाभ घ्यावा.