झेरॉक्सच्या गठ्ठ्याला घाबरू नकोस

अगं, सरांनी नेमून दिलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्स ग्रंथालयात ठेवायला सांगितल्या आणि तुझा जीव टांगणीला लागला, हे फोनवरच कळलं मला. कॉपीराइटची केस होईल का, असं तू विचारलंस, ते फार बरं केलंस. ग्रंथपालाच्या खुर्चीत बसणाऱ्याला हा प्रश्न पडायलाच हवा.

नेमकी अशीच केस दिल्लीत झाली होती. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठावर आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर दावा लावला. दुकानदार काय करत होता? अभ्यासक्रमातली प्रकरणं झेरॉक्स काढून, बाइंड करून मुलांना देत होता. ज्यांची पुस्तकं होती त्यांतल्याच काही लेखकांनी मुलांची बाजू घेतली, हे मला अजून मोलाचं वाटतं. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायालयाने दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठाने आणखी स्पष्ट केलं: किती पानं काढली यापेक्षा ती शिकवण्यासाठी लागतात का, ते महत्त्वाचं. १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांना ही मुभा आहेच.

पण म्हणून अख्खं पुस्तकच मशीनवर टाकू नकोस हं. तो मुद्दा खंडपीठाने पुराव्यासाठी खुला ठेवला होता, आणि २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतल्यामुळे तो तसाच राहिला. ग्रंथालयासाठी अख्ख्या पुस्तकाच्या प्रती काढायची वेगळी सवलत आहे, पण ती जास्तीत जास्त तीन प्रतींची, आणि पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तरच. बाजारात असलेलं क्रमिक पुस्तक सरळ विकत घे. मराठी पुस्तकाची आवृत्ती कित्येकदा हजारभर प्रतींची असते गं. तिथे आपण झेरॉक्सवर भागवलं, तर पुढची आवृत्ती निघणार कशी?

आता तुझ्या वाणगावच्या मुलांचा विचार कर. डहाणूकडून, बोईसरकडून लोकलने येणारी पोरं, पूर्वेकडच्या पाड्यांवरून सकाळी निघालेल्या मुली. एका प्रकरणापायी महागडं इंग्रजी पुस्तक घ्या, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यांच्यासाठी ती झेरॉक्स हवीच. तिथे मागे हटू नकोस.

फक्त काम नीट कर. कुठल्या विषयाला कुठलं प्रकरण लागतं, ते सरांकडून सहीनिशी लिहून घे. प्रत्येक गठ्ठ्याला पुस्तकाचं शीर्षकपान जोड, म्हणजे लेखक, प्रकाशक, साल मुलांच्या नजरेसमोर राहील. मूळ पुस्तकाची निदान एक प्रत कपाटात असू दे. पैसे घ्यायचेच तर कागद-शाईपुरते, वर एक रुपया नको. आणि लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर हा प्रश्नच उरत नाही. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं मूळ लेखन २०११ पासून सगळ्यांना मोकळं आहे.

स्टेशनाजवळच्या दुकानात बाजारातल्या गाइडच्या अख्ख्या झेरॉक्स मिळत असतील, तर त्यावर ग्रंथालयाचा शिक्का कुणी कितीही गळ घातली तरी मारू नकोस. सरांच्या सहीचा तो कागद मात्र उद्याच मागून घे, सेमिस्टर सुरू झालं की त्यांना सवड मिळायची नाही.