ताप उतरतो, सांधे मात्र का दुखतात?

चिकुनगुनियाचा ताप बहुधा आठवड्याभरात उतरतो. सांधेदुखी मात्र कित्येक आठवडे, काही रुग्णांत महिनोन्‌महिने रेंगाळते. सकाळी उठल्यावर बोटे वळत नाहीत, जिना उतरताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. "ताप गेला म्हणता, मग आई अजून अंथरुणावरून का उठत नाही?" हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत विचारला जातो तसा बिलाच्या खिडकीवरही विचारला जातो. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने उपचारांविषयी बोलण्याचा अधिकार त्यास नाही. तथापि या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी कोठे आणि कसे शोधले, हे देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांनी जाणून घ्यावे असे वाटल्यावरून हे टिपण सादर करीत आहे.

या आजाराची पहिली नोंद १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियातील माकोंडे पठारावर झाली. तेथील बोलीतील त्याच्या नावाचा अर्थच 'वाकवून टाकणारा' असा आहे. भारतात १९६३ मध्ये कोलकात्यास मोठी साथ आली आणि १९७३ मध्ये आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला. त्यानंतर सुमारे तीन दशके हा आजार विस्मृतीत गेला. २००५-०६ मध्ये तो परतला तेव्हा एकट्या २००६ सालात देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने जुने व नवे विषाणू ताडून पाहिले. बार्शीचा विषाणू आशियाई वंशाचा, तर नवा आफ्रिकी वंशाचा निघाला. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांतही हाच आफ्रिकी वंश सापडलेला होता. म्हणजे साथ उघड होण्याच्या पाच वर्षे आधीच तो सोलापूर रस्त्यावर येऊन बसला होता. मधल्या काळात जन्मलेल्या पिढीच्या शरीराची त्याच्याशी ओळखच नव्हती.

आता माकडांविषयी. आफ्रिकेच्या अरण्यांत हा विषाणू माकडे व रानडास यांच्यामध्ये फिरत राहतो. आपल्याकडे तो माणसाकडून डासाकडे व डासाकडून माणसाकडे जातो. त्यामुळे महाबळेश्वरच्या माकडांना या तापाबद्दल दोष देण्याचे कारण नाही. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी बहुतेक ज्या सातारा-सांगलीच्या मुलुखात आहेत, तेथे माकडांवरील प्रयोगांचा विषय काहींना रुचणार नाही, याची जाणीव आहे. परंतु माणसाला डास नेमका कोणत्या दिवशी चावला हे कळत नाही आणि त्याच्या प्लीहेचा तुकडा काढून पाहता येत नाही. म्हणूनच माणसाच्या जवळच्या या प्राण्याकडे संशोधक वळले.

फ्रान्समधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, माकडाच्या रक्तात विषाणू पहिल्या एक-दोन दिवसांतच प्रचंड वाढतो. शरीर प्रथम इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडून त्याला थोपवते. पाठोपाठ प्रतिपिंडे तयार होतात आणि रक्त स्वच्छ होते. पण रक्त स्वच्छ झाले तरी हिशेब मिटलेला नसतो. जंतू गिळून टाकणाऱ्या ज्या रक्षक पेशी, त्यांच्यातच विषाणू कित्येक आठवडे दडून राहिल्याचे आढळले. प्लीहा, यकृत, स्नायू आणि सांध्यांच्या ऊतींत त्याचा माग लागला. पहारेकऱ्याच्या खोलीतच चोर लपावा, तसा हा प्रकार. ताप उतरल्यानंतरच्या दुखण्याचे एक सबळ कारण यात दिसते. वृद्ध माकडांत हा विषाणू उशिरा हटतो व त्यांचा प्रतिकार दुबळा पडतो, असेही पुढील अभ्यासांत दिसून आले. घरातील तरुण आठ दिवसांत कामावर जातो आणि आजी अंथरुणावरच राहते, ती कुरकुर करते म्हणून नव्हे.

प्रतिपिंडांचे सामर्थ्यही माकडांनीच दाखवून दिले. २०१० मध्येच अमेरिकेत विषाणूचे केवळ रिकामे कवच वापरून केलेली लस माकडांना टोचण्यात आली. त्यांची प्रतिपिंडे उंदरांना दिली असता घातक संसर्गातूनही ते उंदीर वाचले. एकदा हा आजार झालेल्यास दीर्घकाळ संरक्षण मिळते, असे मानले जाते. डेंग्यूचे तसे नाही. त्याचे चार प्रकार आहेत, आणि एका प्रकाराची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या वेळी कधी कधी घातही करतात. दोन्ही आजार एकाच एडिस डासापासून होतात व आरंभी सारखेच भासतात. म्हणून डेंग्यू नाही असे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलखेरीज अन्य वेदनाशामक गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

लसीची वाट अजून खडतर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत पहिल्या लसीस मान्यता मिळाली. साथ केव्हा व कोठे येईल हे सांगता येत नसल्याने, लस घेतलेल्या माणसांच्या रक्तद्रवाने माकडांचे रक्षण होते का, हे पाहून तिची उपयुक्तता अजमावली गेली होती. पुढे वृद्धांत गंभीर दुष्परिणाम नोंदले गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे तिचा परवाना स्थगित झाला. ज्यांना संरक्षणाची गरज सर्वाधिक, त्यांच्याच बाबतीत हा पेच पडावा, हे क्लेशकारक आहे.

आता थोडे खर्चाविषयी, कारण ते आमचे क्षेत्र. आयजीएम ही प्रतिपिंड-तपासणी तापाच्या दुसऱ्या दिवशी केली तर बहुधा 'नाही' असेच उत्तर येते. शरीराने ती प्रतिपिंडे तोवर पुरेशी तयारच केलेली नसतात. मग आठवड्याने पुन्हा तीच तपासणी, पुन्हा तेच पैसे. सुमारे पाच दिवसांनंतर ती केल्यास उत्तर भरवशाचे असते. पहिल्या दिवसांत निदान हवेच असेल तर विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर तपासणी असते. ती महाग आहे. तेव्हा तपासणीचा आग्रह धरण्यापूर्वी तापाचा कितवा दिवस आहे, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. राष्ट्रीय विषाणू संस्थेने तयार केलेले आयजीएम संच शासनाच्या निरीक्षण केंद्रांना पुरविले जातात. तेथील सोयीची चौकशी प्रथम करावी.

जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांत पाणी साठविल्यावाचून गत्यंतर नाही. टँकर आला की रांजण, हौद, पिंपे भरून ठेवावीच लागतात आणि एडिसची मादी नेमक्या अशाच साठवणीच्या काठाशी अंडी घालते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. यास्तव आठवड्यातून एकदा भांडे नुसते रिकामे करून भागत नाही. आतून घासून, कोरडे करून, मगच ते पुन्हा भरावे व त्यावर घट्ट कापड बांधावे.